फलकावरच्या न्यायमूर्ती कामगार कायद्याच्या तासाला का नसतात?

प्रति,
महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि कामगार कायदा शिकवणारे सर्व अध्यापक

सप्रेम नमस्कार.

आठ मार्च जवळ आला की आपल्या कॉलेजांच्या व्हरांड्यात फलक लागतात. कॉर्नेलिया सोराबजी, फातिमा बीवी, लीला सेठ, आणि त्यांच्या शेजारी न्यायमूर्ती सुजाता मनोहर. फोटोखाली एक ओळ असते: मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. हार, दोन भाषणं, चहा-समोसा, आणि दुसऱ्या दिवशी फलक स्टोअररूममध्ये. ओळ खरी आहे, हारालाही माझी हरकत नाही. तक्रार एवढीच की कामगार कायद्याच्या तासाला या बाईंचं नाव कुणी काढत नाही.

मी कामगार आणि औद्योगिक न्यायालयात वकिली करते, बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने. आपल्याकडून पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं-मुली माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येतात. ‘विशाखा’, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सगळ्यांना पाठ असतं, पण गाइडातल्या चार ओळींपुरतंच. तो निकाल कामगार कायद्याचा आहे असं बहुतेकांना वाटतही नाही. त्यांच्या लेखी तो ‘महिला आणि कायदा’ या पेपरातला. ‘उद्योग’ कशाला म्हणायचं यावरचा कॉयर बोर्डाचा निकाल विचारला तर एकाने प्रामाणिकपणे गाद्यांच्या काथ्याबद्दल बोलायला सुरुवात केली. मुलांना बोल लावून उपयोग नाही. जे वर्गात आलंच नाही ते त्यांनी आणायचं कुठून? म्हणून हे पत्र तुम्हाला.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगते. सुजाता मनोहर काही कामगारांच्या वकील नव्हत्या. जन्म १९३४ चा, वडील के. टी. देसाई गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात आणि ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये, बॅरिस्टरी लिंकन्स इनमधून, आणि १९५८ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला वकिली. त्या बाजूला व्यापारी करार, कंपन्या, मिळकती असली कामं चालतात. पुढे कौटुंबिक आणि विधिसाहाय्याची प्रकरणंही त्यांनी चालवली. पण गिरणगावात वाढलेली, युनियनच्या ऑफिसातल्या बाकावर बसून कायदा शिकलेली अशी ही वकील नव्हे. म्हणूनच त्यांचे नोकरी आणि कामाविषयीचे निकाल मला जास्त वाचावेसे वाटतात. आपल्या बाजूचा न्यायाधीश काय म्हणणार हे बहुधा आधीच कळतं. यांच्या निकालांत ते कळत नाही.

लिंकन्स इनच्याच मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. वकिलांच्या बाकापासून न्यायासनापर्यंतचं ते काही फुटांचं अंतर कापायला बायकांना त्यानंतर पंचावन्न वर्षं लागली. सुजाता मनोहर २३ जानेवारी १९७८ रोजी न्यायाधीश झाल्या. न्यायालय १८६२ पासूनचं. १९९४ मध्ये त्या तिथल्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, काही महिन्यांतच त्याच पदावर केरळला गेल्या, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात पोचल्या, फातिमा बीवींनंतरच्या दुसऱ्या महिला न्यायमूर्ती म्हणून. ऑगस्ट १९९९ मध्ये निवृत्ती, मग राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचं सदस्यत्व. मुंबईला पुढची महिला मुख्य न्यायमूर्ती मिळायला २०१६ उजाडावं लागलं: मंजुळा चेल्लूर. ‘पहिल्या’चा जयघोष करताना मधली ही बावीस वर्षं फलकावर कुणी लिहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयात त्यांना पाच वर्षंही पुरती मिळाली नाहीत. तेवढ्यातले तीन निकाल मला वर्गात हवे आहेत.

१९९५ चा आंध्र प्रदेश शासन विरुद्ध पी. बी. विजयकुमार हा निकाल त्यांनी स्वतः लिहिला. आंध्रच्या सेवाभरती नियमांत २२-अ हा नियम आला होता. एखाद्या पदासाठी स्त्री आणि पुरुष सारखेच योग्य असतील, तर बाकी सारं समान असताना किमान ३० टक्के जागांपर्यंत स्त्रियांना प्राधान्य द्यायचं. एका पुरुष उमेदवाराने आव्हान दिलं आणि उच्च न्यायालयात तो जिंकला. युक्तिवाद दिसायला बिनतोड होता: सरकारी नोकरीत लिंगभेद नको असं संविधानाचं कलम १६(२) सांगतं, आरक्षणाची सोय १६(४) मध्ये आहे आणि ती मागास वर्गांसाठी, तेव्हा स्त्रियांसाठीच्या विशेष तरतुदींचं कलम १५(३) नोकरीला लावता येत नाही. बाईंनी हे मान्य केलं नाही. स्त्रिया शतकानुशतकं सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागे ठेवल्या गेल्या म्हणून १५(३) आलं. त्यांना बरोबरीला आणायचं म्हणायचं आणि रोजगार तेवढा त्यातून बाजूला काढायचा, हे जमणारं नव्हतं. महाराष्ट्राने नुकतंच, १९९४ च्या महिला धोरणाने, शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा ठेवण्याचं ठरवलं होतं. आज आपल्या वर्गात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींना विचारा, हा निकाल किती जणींनी ऐकला आहे.

विशाखाबद्दल मात्र थोडं थांबून बोलते.

निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा. तो सरन्यायाधीश जे. एस. वर्मांनी दिला, पीठावर सुजाता मनोहर आणि बी. एन. कृपाल. विशाखा ‘बाईंचा निकाल’ म्हणून खपवायचा नाही, लेखणी वर्मांची होती. मात्र तिघांचं एकमत होतं, आणि कामाच्या ठिकाणी बाईच्या वाट्याला काय येतं हे न्यायालय पहिल्यांदा इतक्या थेटपणे तपासत असताना तीनपैकी एक खुर्ची बाईकडे होती, हेही तितकंच खरं.

विद्यार्थ्यांना मूळ मजकूर वाचायला द्या. तो फार मोठा नाही, एका तासात होतो. सुरुवातीलाच एक गोष्ट खटकेल. राजस्थानातल्या एका खेड्यातल्या ‘सोशल वर्कर’वर झालेल्या कथित सामूहिक बलात्कारामुळे ही याचिका आली, एवढंच न्यायालय सांगतं, फौजदारी खटला वेगळा चालू आहे, म्हणून त्याबद्दल अधिक बोलत नाही. भंवरीदेवींचं नाव नाही, भटेरी गावाचं नाही. त्या राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या, बालविवाह रोखणं हे त्यांना सरकारनेच दिलेलं काम होतं, आणि १९९२ मध्ये ते काम केल्याची शिक्षा म्हणून त्यांच्यावर अत्याचार झाला, हे निकालपत्रात उलगडून येत नाही. कामगार कायद्याच्या शिक्षकाने नेमकं इथे थांबून विचारायला हवं: या बाईचा मालक कोण? मानधन देऊन गावोगाव काम करवून घेणारं सरकार तिचं नियोक्ता ठरतं की नाही? कामामुळे झालेल्या इजेला जबाबदार कोण?

निकालाने हा प्रश्न नावानिशी घेतला नाही. पण पुढे मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक छळाची व्याख्या येते आणि तिच्या पोटात एक छोटंसं कलम दडलेलं आहे. बाईला पगार मिळतो की मानधन, की ती स्वेच्छेने काम करते. आस्थापना सरकारी, सार्वजनिक की खासगी, कशानेही फरक पडत नाही. आमच्या कोर्टात ज्याने कधी काम केलंय त्याला या ओळीची किंमत कळेल. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, मदतनीस यांनी काहीही मागितलं की पहिलं उत्तर ठरलेलं: त्या कर्मचारी नाहीत, त्यांना वेतन नाही, मानधन आहे. रजा असो, किमान वेतन असो, या दारावर येऊन सगळं अडतं. १९९७ मध्ये निदान एका बाबतीत न्यायालयाने ते दार उघडून ठेवलं.

आणखी एक ओळ तुम्हीच शोधून दाखवावी अशी आहे. खासगी मालकांनी लैंगिक छळाची मनाई १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाखालच्या स्थायी आदेशांत घालण्यासाठी पावलं उचलावीत, असं मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं होतं. स्थायी आदेश तुम्ही शिकवताच: गैरवर्तनाची यादी, चार्जशीट, खातेचौकशी, शिक्षा. विशाखाने लैंगिक छळ त्या यादीत नेऊन बसवला. तक्रारीचा विषय इभ्रतीकडून शिस्तभंगाकडे आला, म्हणजे मालकाच्या जबाबदारीकडे. हे कामगार कायद्याच्या तासाला शिकवायचं नाही तर कुठे?

तिथून पुढची वाट पुण्याहून गेली. मार्गदर्शक तत्त्वं कागदावरच राहतात हे पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी पत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या कानावर घातलं. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं. विशाखाने प्रत्येक मालकाला नेमायला सांगितलेल्या तक्रार समितीचा अहवाल हाच खातेचौकशीचा अहवाल धरायचा, हे त्या प्रकरणात २००४ मध्ये ठरलं. ऑक्टोबर २०१२ च्या निकालात राज्यांना स्थायी आदेशांच्या नियमांतही तशी दुरुस्ती करायला सांगितलं गेलं. एकाच छळाची कहाणी बाईला आधी समितीपुढे आणि मग पुन्हा चौकशी अधिकाऱ्यापुढे सांगावी लागत होती, ते त्यामुळे टळलं. विशाखात न्यायालयाने ‘कायदा होईपर्यंत’ म्हटलं होतं. तो कायदा यायला सोळा वर्षं गेली आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या बडतर्फीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. समितीने चौकशी घाईघाईने उरकली म्हणून बडतर्फी टिकली नाही, आणि त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या आहेत की नाहीत याची झाडाझडती घ्यायला सांगितलं. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना एकत्र सांगा. समिती नसणं हा जसा अन्याय, तशी धड न चाललेली समितीही. आणि तिचा फटका शेवटी तक्रार करणाऱ्या बाईलाच बसतो.

आता कॉयर बोर्ड. ही गोष्ट माझ्या बाजूच्या वकिलांना कडू लागते, मलाही लागते.

सुजाता मनोहर उच्च न्यायालयात आल्या त्यानंतर महिन्याभरातच, २१ फेब्रुवारी १९७८ रोजी, सर्वोच्च न्यायालयात बंगलोर वॉटर सप्लायचा निकाल लागला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर, सात जणांचं पीठ. मालक-कामगारांच्या सहकार्याने, पद्धतशीरपणे, माणसांच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू किंवा सेवा निर्माण होत असतील तर तो ‘उद्योग’, मग नफा असो वा नसो. हॉस्पिटल, शाळा, धर्मादाय संस्था बहुतांशी त्यात आल्या. गेली कित्येक दशकं आमची निम्मी प्रॅक्टिस या निकालावर उभी आहे.

वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, एर्नाकुलमच्या कॉयर बोर्डाने कमी केलेल्या कर्मचाऱ्यांचं प्रकरण सुजाता मनोहर यांच्यापुढे आलं. बोर्ड म्हणजे काथ्या उद्योगाच्या वाढीसाठी कायद्याने नेमलेली संस्था. केरळ उच्च न्यायालयाने ती ‘उद्योग’ ठरवली होती. बाईंनी लिहिलं की बंगलोर वॉटर सप्लायची कसोटी लावली तर बोर्ड उद्योगच ठरतं. पण गेल्या दोन दशकांचा अनुभव काही फार सुखाचा नाही. ज्या संस्थांसाठी औद्योगिक विवाद कायदा बहुधा योजलेलाच नव्हता, त्यांना तो लावून लाभापेक्षा नुकसान अधिक झालं असेल, स्वयंसेवी कामं आखडली असतील, आणि त्याची झळ कर्मचाऱ्यांनाही बसली असेल. तेव्हा सात न्यायमूर्तींच्या त्या निकालाचा मोठ्या पीठाने फेरविचार करावा.

तो फेरविचार तेव्हा नाकारला गेला. पण शंका विझली नाही. २००५ मध्ये जयबीर सिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ती पुन्हा उचलली, आणि २०१७ मध्ये ती नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेली. दरम्यान संसदेने आपली वाट धरली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या ‘उद्योग’ व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक, परोपकारी संस्था वगळल्या, शासनाची सार्वभौम कामं वगळली, घरगुती सेवा वगळली. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

याचा अर्थ कोर्टात काय होतो ते सांगते. ट्रस्टच्या हॉस्पिटलातून काढलेली आया आमच्याकडे येते. बारा-पंधरा वर्षं नाइट ड्यूटी, हातात एक ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. आम्ही दावा घालतो. समोरच्यांच्या कैफियतीत पहिला परिच्छेद कायम तोच: संस्था धर्मादाय आहे, ती ‘उद्योग’ या संज्ञेत येत नाही, सबब हा अर्ज चालण्यास पात्र नाही. तिला का काढलं, नोटीस दिली का, नुकसानभरपाई दिली का, हे सगळं नंतर. आधी प्राथमिक मुद्दा. आजवर आम्ही बंगलोर वॉटर सप्लाय टेबलावर ठेवायचो आणि पुढे सरकायचो. इथून पुढे त्या परिच्छेदामागे संसदेचा कायदा उभा असेल.

बाईंचं म्हणणं मला पटत नाही. जमाखर्चात नफा दिसत नाही म्हणून आयेच्या नोकरीची शाश्वती कमी का व्हावी, याचं उत्तर त्यांच्या त्या आदेशात मला सापडलेलं नाही. स्वयंसेवी संस्था कायद्यामुळे आखडल्या असतील, हा अंदाज आहे. त्याला आधार म्हणून कुठलीही पाहणी त्यांनी पुढे केली नाही. पण आदेश प्रामाणिक आहे. पायंडा आपल्यावर बंधनकारक आहे हे मान्य करून, तो पटत नसल्याचं सांगून, प्रश्न वरच्या पीठाकडे पाठवायचा, ही न्यायाधीशाने असहमती नोंदवायची रीत विद्यार्थ्यांनी बघण्यासारखी आहे. स्त्रियांच्या नोकरीची वाट रुंद करणाऱ्या न्यायमूर्ती उद्योगाची व्याख्या अरुंद व्हावी असंही मानू शकतात, हे पचवणं जड जातं. म्हणून बहुधा आपण फोटोखालच्या ओळीवर थांबतो.

विशाखा आणि कॉयर बोर्ड या दोन निकालांच्या मधल्या फटीत एक बाई सापडते. घरकाम करणारी. २०१३ च्या कायद्याने तिचं नाव घेऊन तिला आत घेतलं. घर हे तिचं कामाचं ठिकाण मानलं. छळ झाला तर तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची. ठीक. पण तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी मालकिणीने ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं तर? औद्योगिक संबंध संहितेत ती नाही. पूर्वीही तिला तिथे फारसा आधार नव्हता, आता तर तसं लिहूनच टाकलं आहे. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणकारी योजनांपुरता. गेलेलं काम तो परत मिळवून देत नाही. एकाच बाईला एक कायदा कामगार म्हणतो, दुसरा म्हणत नाही. उत्तरपत्रिकेत वीस गुणांना विचारावा असा प्रश्न याहून चांगला कोणता?

तेव्हा मागणं असं. विजयकुमार, विशाखा आणि कॉयर बोर्ड हे तिन्ही निकाल कामगार कायद्याच्या पेपराला जोडा, आणि गाइडातून नको, मूळ मजकुरातून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी निकालपत्र जड जातं हे मला माहीत आहे. सोबत शिक्षकाने मराठीत परिच्छेदवार समजावलं तर दोन तासांत गाडी रुळावर येते, माझ्या ऑफिसात हे करून पाहिलं आहे. कॉयर बोर्डावर वाद घ्या. अर्ध्या वर्गाने बाईंची बाजू लढवायची, अर्ध्याने कृष्णा अय्यरांची. युनियनवाल्या घरातल्या मुलांना मुद्दाम बाईंच्या बाजूला बसवा.

आणि विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती शोधायला पाठवा. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बायकांना तीच एक जागा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या समित्या नेमायला ३१ जानेवारी २०२५ ची मुदत घालून दिली होती. तुमच्या जिल्ह्यात ती आहे का, अध्यक्ष कोण, तक्रार कुठल्या खिडकीवर घेतात, शिपायाला विचारलं तर तो कुठे बोट दाखवतो, एवढं मुलांनी जाऊन बघावं आणि लिहून आणावं. कायद्याने समितीवर स्वयंसेवी संस्थांचे दोन सदस्य असतात आणि त्यांतला एक शक्यतो कायद्याची पार्श्वभूमी असलेला असावा असं म्हटलं आहे. आपल्या अध्यापक बायकांपैकी किती जणी आज अशा समित्यांवर आहेत, हेही त्याच वेळी कळेल.

फलक लावायचाच असेल तर जरूर लावा. फक्त फोटोखाली ‘पहिल्या’ लिहून झालं की त्याच्याखाली या तीन प्रकरणांची नावं आणि सालं घाला. मुलं मोबाइलवर शोधतील.

शनिवारी दुपारनंतर माझा बोर्ड हलका असतो. कॉयर बोर्डाच्या वादाला परीक्षक हवा असेल तर कळवा, येईन. मानधन नको, येण्याजाण्याचं भाडं मात्र द्या.

आपली,
कामगार न्यायालयातील एक वकील